घरांतील अलिखित कायदा

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ १८९० सालीं ‘करमणुकीं’त येऊं लागली, तेव्हां विधवाविवाहाचा कायदा होऊन चौतीस वर्षें लोटलीं होतीं. केशवपनाची सक्ती तर कोणत्याच सरकारी कायद्यानें केलेली नव्हती. तरीहि पतीच्या मागें यमूचे केस गेलेच. दोष कोणाचा म्हणून पाहूं जातां वाचक शंकरमामंजींकडे बोट दाखवितो व मोकळा होतो.

येथेंच ग्रंथकर्त्याशीं आमचें थोडें भांडण आहे. मामंजी इतके दुष्ट व दांभिक रंगविले आहेत कीं, सारें पाप त्यांच्या माथीं मारणें सोपें जातें. वस्तुतः रूढि चालते ती बहुधा भल्या माणसांच्या हातून. वडील माणसांदेखत नवऱ्याशीं बोलूं नये, त्याचें नांव घेऊं नये, बाईमाणसानें हातीं पुस्तक धरूं नये, हे नियम त्या घरांत कोणीं लिहून टांगले नव्हते. मोडल्यास शिक्षा काय, तर एखादा टोमणा, एखादें नाक मुरडणें. एवढ्यावर सबंध घर धाकांत राहतें! (इतका स्वस्त बंदोबस्त कोणत्या कोतवालास साधला असेल?) यमूची सोशीक आई लेकीस हेंच वळण लावते, तें केवळ मायेनें.

पुढें मुंबईस रघुनाथरावांच्या संगतींत यमू वाचूं लागते, मोकळें बोलूं लागते. पण टोकणारें कोणी जवळ नसतांहि तिचा संकोच एकदम जात नाहीं. तो हरिभाऊंनीं इतका बारकाईनें टिपला आहे कीं, केशवपनाच्या प्रसंगापेक्षां हींच पानें आम्ही पुन्हां उघडतों.