भूकंपसंहिता आणि घराचा खर्च : किल्लारीच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना

बांधकामाचे नियम कडक झाले की सामान्य माणसाचे घर महागते, असा एक सर्वसाधारण समज आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतरच्या घरबांधणीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

संहितेतील बदल

भूकंपाच्या वेळी प्रचलित असलेल्या १९८४ च्या भारतीय मानक १८९३ मध्ये किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेने हा विभागच रद्द केला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. दुसऱ्या विभागाचा गुणांक ०.१०, तर तिसऱ्याचा ०.१६ ठरला. दरम्यान भारतीय मानक ४५६ च्या २००० मधील आवृत्तीने सलोह काँक्रीटची किमान प्रत एम-१५ वरून एम-२० वर नेली. १:२:४ या प्रमाणात एक घनमीटर काँक्रीटला सुमारे सव्वासहा पोती सिमेंट लागते, तर १:१.५:३ या प्रमाणात सुमारे आठ. म्हणजेच संहितेमुळे खर्च वाढतो, हे नाकारता येत नाही.

साहित्याचा प्रश्न

तथापि ही वाढ काँक्रीटच्या घरापुरती आहे. मराठवाड्यातील पारंपरिक घर दगडमातीच्या जाड भिंतींचे, लाकडी खणांचे व मातीच्या जड माळवदाचे होते. भूकंपात अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, पण भिंती ढासळल्या; कारण भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांना सांधलेले नव्हते. दोष दगडाचा नव्हता, रचनेचा होता.

विशेष म्हणजे त्याच वर्षाच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये यावरचा उपाय नमूद आहे. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, उंचीत दर ६०० मिलिमीटरला व लांबीत १.२ मीटरच्या आत दोन्ही थर सांधणारे आरपार दगड असावेत, तसेच दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा असावा. पहिल्या अटीने दगड कमीच लागतो. दुसरीसाठी लांब दगड निवडून घडवण्याची मजुरी पडते. सिमेंट व लोखंड लागते ते प्रामुख्याने पट्ट्याला.

चिकित्सा

प्रत्यक्षात मात्र लोकमानसात दगड म्हणजे मृत्यू आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण रूढ झाले. भूकंपग्रस्तांचा विचार करता ही भीती स्वाभाविक होती. दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या योजनेतही अनेक लाभार्थ्यांनी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी नवी खोली बांधणे पसंत केले. परिणामी ढिगाऱ्यातील दगड निरुपयोगी ठरला आणि सिमेंट, लोखंड व विटा विकत घ्याव्या लागल्या. उन्हाळ्यात जाड भिंती व माळवद यांमुळे मिळणारा गारवाही गेला. खर्चवाढीचा मोठा वाटा अशा प्रकारे साहित्य बदलण्यातून आला. संहितेने तशी सक्ती केलेली नव्हती.

येथे संहितेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती अभियंत्याच्या भाषेत लिहिलेली आहे. खेड्यातील घर मात्र गवंडी बांधतो. शिवाय मानक स्वतःहून बंधनकारक नसते, स्थानिक नियमावलीने स्वीकारल्यासच ते तसे ठरते. आरपार दगड भिंत रचतानाच दिसतो, गिलावा झाल्यावर नाही. त्यामुळे काम चालू असतानाची देखरेख व गवंड्याचे प्रशिक्षण यांवाचून स्वस्त उपाय कागदावरच राहतो. ज्याला काँक्रीट परवडत नाही, तो मग जुन्याच असुरक्षित भिंतींत राहतो. खरी किंमत तोच मोजतो.

निष्कर्ष

संहितेमुळे घर किती महागले, एवढाच प्रश्न विचारणे अपुरे आहे. संहितेतील कोणता भाग गरिबाच्या घरापर्यंत पोहोचला, हेही विचारले पाहिजे. किल्लारीच्या अनुभवावरून असे दिसते की, महाग साहित्याचा मार्ग सहज रूढ झाला आणि स्वस्त रचनेचा मागे पडला. स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात दगडमातीच्या बांधकामाला सन्मानाचे स्थान देणे व ते ज्ञान मराठीतून गवंड्यांपर्यंत नेणे, हे महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे.