चित्रातलं धरण आणि पाटण तालुक्यातलं धरण

ऑगस्ट उजाडला की सांगलीतला माणूस सकाळी उठल्या उठल्या दोन आकडे बघतो. कोयनेतून विसर्ग किती, आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. हे आकडे कुठले आणि कशाचे, ते त्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. आज ज्या साधनांबद्दल बोलायचं आहे, त्यांच्याबद्दलची आमची तक्रार नेमकी इथून सुरू होते.

आधी कौतुक. 1985 साली नेटलिब सुरू झालं, तेव्हा गणिती प्रोग्राम हवा तर ई-मेल पाठवायचा, की प्रोग्राम टपालासारखा परत यायचा. काय मागायचं हे ठाऊक असलं तर काम सोपं. नसलं तर पंचाईत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनं ‘गॅम्स’मध्ये ते उलटं केलं. तिथे प्रश्नाचं झाड आहे. तुमचं गणित कसलं आहे ते सांगत फांदी-फांदीनं खाली उतरा, योग्य सॉफ्टवेअर सापडतं. त्याच संस्थेचं ‘मॅट्रिक्स मार्केट’ आणखी पुढे गेलं. सॉफ्टवेअर तपासायला लागणारी मॅट्रिक्स तिथे चित्रासकट मिळतात. फाइल उतरवण्याआधीच तिची ठेवण डोळ्यांना दिसते. जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला हे फुकट मिळावं, ही लहान गोष्ट नाही.

आता त्याच संग्रहातलं ‘बीसीएसएसटीके 16’ उघडा. 4,884 ओळी, तितकेच रकाने, कर्णाच्या आसपास ठिपक्यांचा पट्टा. वर्णन काय, तर ‘कोअर ऑफ इंजिनिअर्सचं धरण’. संपलं. कुठलं धरण? कुठल्या नदीवर? ‘बीसीएसएसटीके 14’ला निदान अटलांटातल्या ओम्नी कोलिझियमचं छत असं नावगाव आहे. धरणाच्या नशिबी तेवढंही नाही. समीकरणं सोडवायला नाव कशाला, असं कुणी म्हणेल. वेग मोजायचा असेल तर खरंच नको. पण धरण टिकेल की नाही हे ठरवायचं असेल तर?

म्हणून आपल्या धरणाकडे येऊ. 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगरच्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे उताराच्या बाजूचा चढ एकदम बदलतो तिथे, भेगा पडल्या. धक्क्याची नोंद धरणाच्याच गॅलरीतल्या यंत्रावर झाली होती. धक्का ठाऊक, भेगेची जागाही ठाऊक; अशी जोडी जगात दुर्मीळ. त्यामुळे काँक्रीटची धरणं तपासणारं सॉफ्टवेअर जगभर कोयनेवर घासून बघतात. ‘अबाकस’च्या उदाहरणसंग्रहातही ती आहे, आणि तिथे नावानिशी आहे, हे मान्य.

पण आकडे बघा. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक 31,027 मेगापास्कल, घनता 2,643 किलो प्रति घनमीटर. वाटतं, कुणीतरी गाभा काढून प्रयोगशाळेत काटेकोर मोजलं असणार. आम्ही ते फूट-पौंडात उलटवून पाहिले. पहिला निघाला 45 लाख पौंड प्रति चौरस इंच, दुसरा 165 पौंड प्रति घनफूट. दोन्ही चक्क गोल! हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही. ठोकळ धरलेले आकडे मेट्रिकमध्ये येताना नेमकेपणाचा मुलामा लावून आले असणार. कागदावरून असं काही घेताना निदान आकडा हातानं लिहिला जायचा, आणि लिहिताना माणूस क्वचित अडखळायचा. (आम्हीही वर्षानुवर्षं न अडखळताच लिहिला, हे सांगून टाकलेलं बरं.) तयार फाइलवर क्लिक करताना तेवढंही होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. भेग कुठे पडली हे आधीच माहीत आहे. विद्यार्थी गुणांक थोडे इकडे-तिकडे करत राहतो. भेग मानेपाशी आली की म्हणतो, सॉफ्टवेअर बरोबर. मग तेच सॉफ्टवेअर तो अशा धरणाला लावतो जिथे अजून काही फुटलेलं नाही. तिथे उत्तर जुळवायला जुनी भेग नसते, आणि खाली गावं असतात.

चित्र, झाड, क्लिक, सगळं राहू दे. पण मोजलेला आकडा आणि धरलेला आकडा पडद्यावर वेगळे दिसले पाहिजेत. यात तांत्रिक अडचण नाही. मॅट्रिक्स मार्केटच्या फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी टिपणांसाठीच मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यात हवं ते लिहिता येतं.

कऱ्हाडला भूभौतिक प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात गोठण्याला तिच्या कामासाठी तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. त्यातली मोजमापं उद्या अशाच एखाद्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात येतील. गोठण्याचं नाव त्या मोकळ्या ओळींत कुणी लिहिलंय का, तेवढं आम्ही फाइल उघडल्यावर आधी बघू.