सरस किती घट्ट, एवढंच विचारून भागत नाही

कॅनव्हासवरच्या तैलचित्रांसाठी नैसर्गिक चिकट पदार्थ कोणता निवडावा, यावरचे चार-पाच पेपर सलग वाचले की एक गोष्ट खटकते. पट्ट्या चिकटवल्या, मशीनवर ओढल्या, किती न्यूटनला सुटल्या ते लिहिलं. आकडा मोठा तो विजेता! पहिल्या वर्षी मीही असाच तक्ता केला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "आर्द्रता किती होती?" 50 टक्के. "आणि जुलैत मुंबईत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेकलेनबर्ग यांचा स्मिथसोनियनमधला 1982 चा अहवाल मी त्यानंतर वाचला; तुम्ही आधी वाचा. जुन्या चित्रात कॅनव्हासवर आधी सरसाचा हात असतो, मग ग्राउंड, मग रंग. हवा कोरडी झाली की आकसणारा सरस बराचसा ताण उचलतो. आर्द्रता 80-85 टक्क्यांपुढे गेली की तो ढिला पडतो आणि घट्ट विणीचा कॅनव्हास आकसायला लागतो. म्हणजे रंगाचे पोपडे निघण्यात ज्याचा हात असतो, तोच पदार्थ आपण दुरुस्तीला घेतो. अहवालाची अडचण एकच वाटते: थर बहुतांशी सुटे तपासलेत, आणि आपलं भांडण तर दोन थरांच्या मधल्या जागेशी आहे.

पोपडे बसवायला स्टर्जन माशाच्या हवेच्या फुग्यापासून केलेला सरस आवडीने वापरतात, तो ताकदीसाठी नव्हे. तो पातळ राहतो, भेगेत शिरतो, वाळल्यावर त्यातल्या त्यात लवचिक असतो. चिकट थर रंगापेक्षा दणकट असेल तर पुढची भेग रंगातच पडणार. हे त्या तक्त्यात कुठे दिसतं?

"नैसर्गिक म्हणजे निर्धोक" हे गृहीतकही तसंच. कणकेची खळ बुरशीला आणि किड्यांना मेजवानी. मेण-राळ पाण्याला दाद देत नाही, म्हणून दमट हवेत मोह होतो. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ला 1851 मध्ये मेण-राळेनेच मागून दुसरा कॅनव्हास जोडला होता. पण ती कापडात मुरते, रंग गडद करू शकते आणि पूर्ण काढता येत नाही. 1974 च्या ग्रीनिच परिषदेत तर असं अस्तर लावणंच काही काळ थांबवा, अशी हाक दिली गेली.

तेव्हा प्रपोजलच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: दमट-कोरड्या फेऱ्यांनंतरची पकड, आणि जोड नेमका कुठे तुटला. माझे जुने नमुने मी परत ओढतेय. निम्म्यांत रंगच फाटलाय.