‘पिना कोलाडा’चे गाणे

काही गीतांचे बारसे कवी करीत नाही, श्रोते करतात. रूपर्ट होम्स यांच्या १९७९ सालच्या ‘एस्केप’ या इंग्रजी गीताचे असेच झाले. लोक ते ‘पिना कोलाडाचे गाणे’ म्हणूनच मागू लागले आणि अखेर ते नाव मूळ नावापुढे कंसात जोडावे लागले. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत ते अग्रस्थानी होते.

गीताचे कथाबीज चतुर आहे. सहजीवनाला विटलेला एक पुरुष वर्तमानपत्रातील एका अनामिक स्त्रीच्या जाहिरातीस गुप्तपणे उत्तर धाडतो. ठरल्या वेळी पानगृहात येते ती त्याचीच सहचरी! अपराध दोघांचाही सारखाच, म्हणून क्षमाही सहज घडते. हा विनोद निर्मळ आहे, आणि चालही मनात घोळत राहते.

आमचा आक्षेप निराळा आहे. ध्रुपदात पिना कोलाडाच्या जागी प्रथम हम्फ्री बोगार्ट या नटाचे नाव होते, असे होम्स यांनीच सांगितले आहे. ज्या जागी नटही चालला असता, तेथे हे पेय ‘दूर कोठेतरी’ एवढाच अर्थ वाहते. वस्तुतः त्याला गाव आहे. प्वेर्तो रिको बेटावरील सान हुआन शहरात, कारिबे हिल्टन हॉटेलातील रामोन मार्रेरो यांनी ते १९५४ साली सिद्ध केले, असे ते हॉटेल सांगते. त्याच शहरातील बाराचिना हे उपाहारगृह १९६३ सालचा दावा मांडते. १९७८ मध्ये ते बेटाचे अधिकृत पेय ठरले. गीतात मात्र बेटाचे नावसुद्धा नाही.

आणि त्यातील द्रव्ये पाहा: रम, अननसाचा रस, नारळाची गोड घट्ट साय आणि बर्फ. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीज जहाजांतून तो आपले नाव घेऊनच आमच्या किनाऱ्यावर उतरला. उलट नारळ हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून पोर्तुगीजांनीच अटलांटिककडे नेला, आणि ज्या उसापासून रम होते तो ऊसही पूर्वेकडचाच. माडांच्या सावलीत वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला या पेल्यात परके असे फारच थोडे सापडेल.

दूरची म्हणून शोधलेली स्त्री घरचीच निघाली, हे गीताच्या नायकाला उमगले. पेयाच्या बाबतीत मात्र गीत तेथवर पोचत नाही. कुणाची सुट्टी म्हणजे दुसऱ्या कुणाचे गाव आणि रोजचे काम असते. तो पेला भरणारा मनुष्य पलायन करीत नसतो, नोकरी करीत असतो. ज्यांच्या गावांना पाहुणे केवळ वाळू आणि मद्य यांवरून ओळखतात, त्या आमच्या किनाऱ्यावरील रसिकांनी हे गीत आवडीने ऐकावे. परंतु त्यात कोण वगळले गेले आहे, याचेही भान ठेवावे.