रिकाम्या खात्याचे छायाचित्र

मोहन्याचा नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईचे एक छायाचित्रकार स्नेही आंबिवलीला उतरले, दोन दिवस तो परिसर टिपत हिंडले आणि चित्रे दाखवायला चार स्टेशने पुढे, आसनगावला माझ्याकडे आले. गंजलेले नळ, भिंत फोडून वर आलेला पिंपळ, वसाहतीतल्या ओसाड खोल्या. छायाप्रकाशाची त्यांची जाण उत्तम आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. तरीही चित्रे पाहता पाहता मी अस्वस्थ होत गेलो. त्या अस्वस्थतेची कारणे तपासणे एवढाच या टिपणाचा हेतू.

चित्रांत माणूस एकही नव्हता. माणसांचे नसणे हाच आपला विषय आहे, असे ते म्हणाले. भूमिका म्हणून हे मान्य करता येईल. पण नसणे कोणाचे? कारखाना बंद झाल्यावर आपली देणी मिळावीत म्हणून तेथील कामगार वर्षानुवर्षे झगडत राहिले. माणसे नाहीशी झाली नव्हती. ती चौकटीबाहेर ठेवली गेली होती.

याच संग्रहात गिरणगावातल्या एका बंद गिरणीच्या साचाखात्याचे चित्र होते. छपरातून तिरपे ऊन आलेले, आणि माग जेथे होते तेथे जमिनीवर नुसते तेलाचे डाग. हे त्यांचे सर्वांत आवडते चित्र. माझा मुख्य आक्षेपही त्यालाच आहे.

माझे आजोबा गिरणीत होते, पण रिंगखात्यात. साचाखात्यात मजुरी जास्त होती आणि तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. म्हणजे ते खाते माणसांनी गजबजलेले होते तेव्हाही आमच्यापुरते रिकामेच होते. आज त्या रिकामेपणावर हळहळणाऱ्या चित्राला हा पहिला रिकामेपणा ठाऊकच नाही.

गिरण्या बुडाल्याचे मला दुःख नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांत आमचीही घरे धुळीला मिळाली. पण पडझडीचे हे सौंदर्य सगळ्यांचे दुःख एकाच रंगात बुडवून टाकते. पडकी भिंत आपणहून जात सांगत नाही. ती बोलती करणे हे कलावंताचे काम आहे, आणि तेथेच ही चित्रे मुकी राहतात.

याउलट सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची काढलेली छायाचित्रे पाहावीत. तेथे माणूस चौकटीच्या मधोमध आहे, घाणीत उभा आहे, कामात आहे. त्या चित्रांकडे पाहून हळहळून मोकळे होता येत नाही. मान खाली घालावी लागते. शिवाय एक गोष्ट ध्यानात येते. गिरण्या बंद पडल्या, कारखाने बंद पडले, पण माणसाने गटारात उतरण्याचे काम बंद पडले नाही. १९९३ आणि २०१३ अशा दोन कायद्यांनंतरही नाही. ज्या खात्यात आम्हांला कधीच मज्जाव नव्हता, ते खाते आजही चालू आहे.

म्हणून माझे स्नेह्यांना एवढेच सांगणे होते. पुन्हा जा. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. प्रत्येक चित्राखाली लिहा : खाते कोणते, तेथे कोण राबत होते, आणि कोणाला आत येऊ दिले जात नव्हते. एवढे लिहिल्यावरही तुमचे चित्र सुंदर वाटले, तर ते सौंदर्य मला मान्य आहे.