मायएसक्यूएलमधील ‘क्वेरी कॅश’ : एक पुनर्विचार
सर्व्हर मंदावला की मेमरी वाढवावी, हा उपाय सोपा खरा. परंतु मायएसक्यूएलच्या ‘क्वेरी कॅश’ने तो अनेकदा उलटविला. एकदा काढलेले उत्तर जपून ठेवावे व तीच क्वेरी पुन्हा आल्यास तेच द्यावे, ही कल्पना मोहक होती. क्वचित बदलणाऱ्या टेबलांपुरती उपकारकही. परंतु टेबलातील एक ओळ बदलली तरी त्यावरील सारी साठविलेली उत्तरे रद्द होत. आणि साऱ्या साठ्याला कुलूप एकच! साठा मोठा, तितकी ही झाडलोट लांबे आणि इतर क्वेऱ्या दाराशी तिष्ठत. ‘शो प्रोसेसलिस्ट’मध्ये ही तिष्ठणारी रांग दिसे, केवळ साठ्यातून मिळालेल्या उत्तरांची संख्या मोजणाऱ्यास ती दिसत नसे. २०१७ मध्ये ही सोय कालबाह्य ठरविली गेली, २०१८ च्या ८.० आवृत्तीत ती उरली नाही. मारियाडीबीने मात्र ती राखली आहे, अर्थात मुळात बंद ठेवूनच.