‘ताबा’ आणि ‘आजोळ’ : नातवंडांच्या भेटीविषयी कायद्याची भाषा

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागाईतदारांच्या व्यवहारात ‘ताबा’ हा शब्द बागेचा असतो. न्यायालयीन मराठीत तोच शब्द अज्ञान मुलालाही लागतो. उलट, ‘आजोळ’ ह्या शब्दाचे केंद्र मूल हेच होय. जे घर आईचे माहेर आणि वडिलांचे सासर, तेच मुलाचे आजोळ. मुलावाचून त्या घराला ते नाव मिळत नाही.

१८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम मुलाचे कल्याण पाहतात. परंतु आजीआजोबांच्या किंवा भावंडांच्या केवळ भेटीसाठी त्यांत स्वतंत्र कलम नाही. न्यायालये कल्याणाच्या तत्त्वावर अशी भेट मंजूर करतात खरी. पण ती त्यांच्या विवेकाधीन राहते. हे मौन नात्यांच्या विस्मरणातून आले, असेही म्हणता येत नाही. १९५६ च्याच हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या अनुसूचीत भाऊबहीण आणि दोन्हीकडचे आजीआजोबा ह्यांचा स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे मिळकतीच्या वाटणीत कायद्याला दिसणारी आजी नातवाच्या दाराशी उभी असता दिसत नाही.

विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालाने (२०१५) आजीआजोबांच्या सहवासकाळाचा विचार केला, हे त्याचे श्रेय होय. तथापि हक्क कोणाचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा कायदा ‘कोणाही व्यक्तीला, कोणत्याही वेळी’ भेट मागू देत असे. दिवंगत मुलाच्या आईवडिलांनी नातींच्या भेटीसाठी लढविलेल्या ट्रॉक्सेल खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तसा अवलंब अवैध ठरविला. आईच्या निर्णयाला त्यात योग्य वजनच मिळाले नव्हते. फ्रान्सने २००२ मध्ये वाक्याचा कर्ताच बदलला : आजीआजोबांशी संबंध राखण्याचा हक्क मुलाचा. भावंडांची शक्यतो ताटातूट होऊ नये, असेही तेथील संहिता सांगते.

कर्त्याचा हा बदल केवळ व्याकरणाचा नव्हे. हक्क वडीलधाऱ्यांचा मानला, तर आईबापांचे भांडण भेटीच्या वाटेने पुढे चालू राहण्याचे भय असते. तो मुलाचा मानला, तर न्यायालयाला आजीने काय गमावले एवढेच न विचारता, मूल काय गमावील हे विचारावे लागते. शेंदूरजनाघाटच्या मुलाचे आजोळ राज्यसीमेपलीकडे पांढुर्ण्याला असले, तरी ते आजोळच असते. मराठीने हा कर्ता पूर्वीच निश्चित केला आहे. कायद्याच्या मराठीने तो अद्याप स्वीकारावयाचा आहे.